एक स्फोट आणि एक लिलाव

१३ फेब्रुवारी २०१०, शनिवारच्या संध्याकाळी पुण्याच्या कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत एका बेवारस बॅगेचा स्फोट झाला आणि १७ माणसांचे प्राण गेले. त्याच महिन्यात तिकडे दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातल्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. त्या सामानात १९६८ च्या सुमारास कॅनडातून आणलेलं आणि १९८५ पासून नुसतं पडून राहिलेलं एक यंत्र होतं. नमुन्यांवर गामा किरणांचा मारा करण्यासाठी ते वापरत. यंत्र मायापुरीच्या भंगारबाजारात गेलं. शिशाला भाव चांगला, म्हणून त्याचं जाड आवरण फोडलं गेलं आणि आतल्या कोबाल्ट-६० च्या चकचकीत कांड्या या हातातून त्या हातात फिरल्या. एकाने त्यातली एक पाकिटात घालून पाकीट मागच्या खिशात ठेवलं. एप्रिल संपेपर्यंत एक कामगार दगावला होता आणि इतर काही जण किरणोत्सर्गाने भाजून रुग्णालयात होते. पुण्यातल्या बॅगेची बातमी तासाभरात जगभर गेली. दिल्लीतला तो लिलाव मात्र कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. डर्टी बॉम्बचा विचार करायचा तर या दोन्ही घटना शेजारी ठेवूनच करायला हवा, असं मला वाटतं.

आपल्याकडे शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष आधी मांडायची रीत आहे आणि तो पडेल, दुबळा करून मांडायचा नाही, असाही दंडक आहे. तोच इथे पाळतो. शंकाकार हा पुण्यातला जाणता गृहस्थ आहे. घरात मुलं आहेत, म्हातारी आई आहे, आणि त्याच्या शंका मला अजिबात हास्यास्पद वाटत नाहीत.

शंकाकार : अहो, मायापुरीत झाला तो निष्काळजीपणा. मुद्दाम कोणी केलं तर काय? मे २०२१ मध्ये महाराष्ट्र एटीएसने दोघांना सात किलोहून जास्त युरेनियमसह पकडलं, किंमत एकवीस कोटींच्या वर सांगितली. दहशतवाद्यांच्या हाती असलं काही लागलं आणि विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर त्यांनी ते फोडलं, तर पुणं शिल्लक राहील का? जर्मन बेकरीत साधी स्फोटकं होती, तरी १७ गेले.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तराची सुरुवात आहे. डर्टी बॉम्ब म्हणजे साधी स्फोटकं आणि त्यांच्या सोबतीला किरणोत्सारी पदार्थ. हिरोशिमात अणूचं विखंडन झालं आणि त्यातून शहर जाळणारी ऊर्जा बाहेर पडली. इथे तसं काही घडतच नाही. स्फोट जेवढा व्हायचा तेवढाच होतो, फक्त त्याची धूळ किरणोत्सारी असते. म्हणून अशा हल्ल्यात त्याच जागी माणसं मरतील ती जर्मन बेकरीत मेली तशीच: स्फोटाच्या दाबाने, छर्ऱ्यांनी, भाजून. आता ते युरेनियम. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तपासणीत ते नैसर्गिक युरेनियम ठरलं, म्हणजे खाणीतून निघतं त्याच जातीचं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षं आहे, आणि ऐकताना हा आकडा भीतिदायक वाटत असला तरी अर्थ उलटा आहे. जो पदार्थ इतक्या सावकाश विघटित होतो, तो दर सेकंदाला किरण सोडतो फार थोडे. सात किलोंच्या त्या ढिगात सेकंदाला युरेनियमच्या साधारण १८ कोटी अणूंचं विघटन होत असेल. ब्राझीलमधल्या गोइयानिया शहरात १९८७ मध्ये जे सीझियम-१३७ चं चूर्ण लोकांच्या हाती पडलं, त्याचं वजन होतं जेमतेम ९३ ग्रॅम, आणि त्यात सेकंदाला सुमारे ५१ लाख कोटी विघटनं होत होती. म्हणजे मूठभर चूर्ण त्या सात किलोंपेक्षा अडीच-तीन लाख पटींनी तीव्र. बातमीत मात्र वजन आलं, कोटींची किंमत आली, आणि ज्या एका आकड्याने धोका कळतो तोच आला नाही. किमतीबद्दल म्हणाल तर तेवढ्या युरेनियमचे तेव्हाच्या खुल्या आंतरराष्ट्रीय भावाने एक लाख रुपयेही होत नव्हते. बाकीचे कोटी भीतीने चढवले होते, आणि भीतीला असा भाव येतो म्हणूनच कोणाला तरी ते विकावंसं वाटतं.

शंकाकार : बरं, युरेनियम सोडा. सीझियमच मिळालं तर? तुम्हीच गोइयानियाचं नाव काढलंत. तिथे बॉम्ब नव्हता, तरी माणसं मेली ना?

उत्तर : मेली, आणि ती कशी मेली हे नीट पाहायला हवं. बंद पडलेल्या एका खासगी दवाखान्यात कर्करोगावरच्या उपचारांचं यंत्र सोडून दिलं होतं. दोघांनी ते उचकटलं आणि भंगारवाल्याला विकलं. आतलं चूर्ण अंधारात निळं चमकत होतं, म्हणून लोकांनी ते घरी नेलं, सग्यासोयऱ्यांत वाटलं, अंगाला फासलं. सहा वर्षांच्या एका मुलीने ते चूर्ण लागलेल्या हातांनी जेवण केलं. चार माणसं गेली, ती सगळी त्या चूर्णाजवळ तास न् तास, दिवस न् दिवस राहिलेली किंवा ते पोटात गेलेली. स्फोटाने हेच चूर्ण चौकाचौकांत पसरलं असतं तर दर चौरस फुटावर ते कितीतरी विरळ झालं असतं, कारण पसरणं म्हणजेच पातळ होणं. ही गोष्ट डर्टी बॉम्बच्या कल्पनेतच आहे. स्रोत दुबळा असेल तर पसरवून हाती काही लागत नाही, आणि जबर असेल तर तो बाळगणाऱ्यालाच आधी भाजून काढतो आणि वाटेत किरण मोजणाऱ्या मीटरांवर उघडा पाडतो. १९९५ मध्ये मॉस्कोच्या एका बागेत चेचेन बंडखोरांनी सीझियम ठेवून पत्रकारांना कळवलं होतं. ते त्यांनी फोडलं नाही. आजवर जगात कुठेही हल्ल्यात डर्टी बॉम्ब फुटलेला नाही. उद्या फुटणारच नाही, असं मी म्हणत नाही. फुटला तर काय होईल, एवढंच मोजतो आहे.

गोइयानियातला दुसरा भाग अधिक बोलका आहे. तिथल्या क्रीडांगणात रांगा लागल्या आणि सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली. पदार्थ लागल्याचं आढळलं ते २४९ जणांना. पहिल्या साठ हजारांतल्या जवळपास पाच हजारांना उलट्या, जुलाब, अंगावर चट्टे अशी किरणबाधेसारखी लक्षणं होती आणि त्यांच्या अंगावर किरणोत्सारी पदार्थाचा मागमूसही नव्हता. ती माणसं ढोंग करत नव्हती, भीतीने त्यांची शरीरं खरोखरच बिघडली होती. त्या चिमुरडीच्या दफनाच्या वेळी जमावाने दगड मारले. शिशाच्या पेटीतलं मूलसुद्धा आपल्याला मारेल, असं त्यांना वाटत होतं. गावातला माल बाहेर कोणी घेईना, आणि मी बाधित नाही असा दाखला घेऊन लोकांना फिरावं लागलं.

पुण्याला हे परकं वाटू नये. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी इथे गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. पुढच्या काही दिवसांत नायडू रुग्णालयाबाहेर दिवसभर रांगा, मास्क संपलेले, तोंडाला रुमाल बांधलेलं सगळं शहर, शाळा-कॉलेजं, मॉल, चित्रपटगृहं बंद. रोग खरा होता, मरण खरं होतं, म्हणून त्या रांगेतल्या आईला कोणी वेडी म्हणू नये. पण शिंकणाऱ्या-खोकणाऱ्यांच्या त्या रांगेत निरोगी मूल कडेवर घेऊन तीन तास उभं राहण्याने धोका कमी होत नव्हता. उद्या लक्ष्मी रस्त्यावर स्फोट झाला आणि ‘किरणं पसरली’ एवढा एक संदेश फिरला, तर ससून रुग्णालयाच्या दाराशी दहा हजार निरोगी माणसं उभी राहतील आणि त्यांच्यामागे रक्तबंबाळ जखमीची रिक्षा अडकेल. त्या जखमीला किरणं मारणार नाहीत, गर्दी मारेल. डर्टी बॉम्बमध्ये माणसं मारण्याची जी मोठी शक्ती आहे ती मला इथे दिसते.

शंकाकार : रांगेतल्या आईला वेडी म्हणू नका म्हणता आणि तिची भीती अवाजवी आहे असंही सुचवता. किरणांचा परिणाम वीस वर्षांनी कॅन्सर होऊन दिसतो. तेव्हा तुमची मोजदाद कुठे असेल? आणि मुलांना जास्त बाधतं, हे तरी खोटं नाही ना?

उत्तर : खोटं नाही. वाढत्या शरीराला किरणं अधिक बाधतात आणि गर्भाला तर आणखी जपायला हवं. कमी मात्रेचा कर्करोगाशी संबंध किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. म्हणून सावधपणे, थोडी मात्राही थोडा धोका वाढवतेच असं धरून चालण्याचा प्रघात आहे, आणि तो मला मान्य आहे. त्याच प्रघाताने हिशेब करू. जगभरातल्या माणसाला माती, हवा, अन्न आणि आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट एवढी मात्रा मिळतच असते. पोटाचा सीटी स्कॅन केला की दहाच्या आसपास. किरणबाधेने अंग लगेच आजारी पडायला एका दमात साधारण हजार लागतात. समजा, स्फोटाच्या परिसरातल्या १०,००० लोकांना प्रत्येकी दहा मिलिसीव्हर्ट मिळाले. रूढ गुणोत्तराने त्या सगळ्यांच्या उरलेल्या आयुष्यात मिळून पाचएक जादा कर्करोग संभवतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अंदाजाने दर नऊ भारतीयांमागे एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो, म्हणजे त्याच दहा हजारांत किरणं नसतानाही अकराशेच्या वर. ते पाच जण क्षुल्लक आहेत असं मी म्हणणार नाही, कारण ते पाच जण म्हणजे पाच घरं आहेत. पण पाचांच्या भीतीने पळापळ होऊन त्याच दिवशी पन्नास चेंगरले, तर तो हिशेब कोण मांडणार? फुकुशिमा प्रांतात २०११ च्या अणुअपघातानंतर घाईचं स्थलांतर, तुटलेले औषधोपचार, छावण्यांतलं जिणं यांनी गेलेल्यांची नोंद दोन हजारांच्या वर आहे, आणि त्यांत बहुतेक म्हातारी माणसं होती. तीव्र किरणबाधेने तिथे कोणीही गेलं नाही. तुमच्या घरातही म्हातारी आई आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणि करायचं काय, ते तर अगदी घरगुती आहे. स्फोटाच्या ठिकाणाहून निघून जवळच्या पक्क्या इमारतीत शिरायचं. जुन्या वाड्याची जाड भिंत असो की सोसायटीतली मधली, बिनखिडकीची खोली, भिंत जेवढी जाड आणि धूळ जेवढी लांब, तेवढं बरं. चपला उंबऱ्याबाहेर. शर्ट डोक्यावरून ओढायचा नाही, बटणं सोडून हळूच उतरवायचा, नाहीतर कॉलरवरची धूळ नाकातोंडात जाते. सदरा गळाबंद असेल तर सरळ कात्रीने कापायचा. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि पिशवी दूर कोपऱ्यात ठेवायची. एवढ्यानेच अंगावरची बहुतेक किरणोत्सारी धूळ गेलेली असते. मग साबण आणि कोमट पाणी. घासून कातडी सोलायची नाही. केसांना शाम्पू चालतो, पण कंडिशनर नको, त्याने धूळ केसांना चिकटून बसते. खिडक्या बंद, कूलर बंद, उघड्यावरचं अन्न नको. आयोडीनच्या गोळ्यांसाठी मेडिकलच्या दुकानात धावू नये. त्या किरणोत्सारी आयोडीनपासून गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाचवतात, सीझियम किंवा कोबाल्टपुढे त्यांचा काही उपयोग नाही. जखमी असेल त्याने मात्र धुण्यात वेळ घालवायचा नाही, जखमेवरचे उपचार आधी. त्याच्या कपड्यांवरच्या धुळीतून डॉक्टर-नर्सना मिळणारी मात्रा साध्या काळजीने नगण्य राहते, हे रुग्णालयातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असायला हवं. नाहीतर त्याला हात लावायला कोणी पुढे येणार नाही.

शंकाकार : हे सगळं ठीक, पण ‘घाबरू नका’ हे सांगणार कोण? सरकारच ना? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. आदल्या रात्री धरणावर जवान वाळूची पोती रचत होते, आणि इकडे पुणेकर निर्धास्त होते, कारण त्यांना वेळेवर कोणी काही सांगितलं नाही. त्या दिवशी जे आपल्या अक्कलहुशारीने उंचावर गेले तेच शहाणे ठरले. मग या वेळी घरात थांबा म्हणाल तर आम्ही का थांबावं?

उत्तर : या शंकेपुढे मी मान तुकवतो. इतर सगळ्या शंकांना आकडे उत्तर देतात, हिला देत नाहीत. ज्याने एकदा धरणाबद्दल वेळेवर सांगितलं नाही, त्याने किरणांबद्दल सांगितलेलं लोकांनी का मानावं? म्हणूनच ‘घाबरण्याचं कारण नाही’ या वाक्याने लोक जास्त घाबरतात. फक्त एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. धरणाच्या भिंतीत किती पाणी मुरतंय, हे शनिवार पेठेतल्या माणसाला घरबसल्या कळायला मार्ग नव्हता. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, वास नाही, चव नाही, पण हातात मावणाऱ्या मीटरने तो जागच्या जागी मोजता येतो, इतर कुठल्याही विषाहून सोप्या रीतीने. विषाणू असा रस्त्यात उभं राहून मोजता येत नाही, भेसळीला प्रयोगशाळा लागते. इथे उपकरण टिकटिकतं आणि काटा आकडा दाखवतो. पुण्यात असे मीटर आणि ते वाचणारी माणसं कमी नाहीत. दापोडीच्या सैन्य अभियांत्रिकी महाविद्यालयात आण्विक, जैविक, रासायनिक संरक्षणाचं प्रशिक्षण चालतं. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. किरणोपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ असतात, आणि भोसरी-चाकण पट्ट्यात वेल्डिंगचे जोड किरणांनी तपासणाऱ्यांची तर रोजीरोटीच ही आहे. फुकुशिमानंतर जपानमध्ये ‘सेफकास्ट’ नावाने नागरिकांनी स्वतः मीटर घेऊन रस्तोरस्ती मोजलं आणि आकडे सगळ्यांना खुले केले. पुण्यात तसंच व्हावं. सरकारी पथकाचा आकडा, रुग्णालयाचा आकडा, नागरिकांचा आकडा, पेठवार आणि तासातासाला, शेजारीशेजारी छापलेले. तिन्ही जुळले तर विश्वासाचा प्रश्नच उरत नाही, आणि जुळले नाहीत तर तेही लोकांना कळलं पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे की ही व्यवस्था स्फोटाआधी बसवलेली असावी. स्फोटानंतर मीटर शोधायला निघालेल्या शहराला अफवा आधी गाठते.

शंकाकार : आणि दुकानांचं काय? माणसं वाचली तरी त्या रस्त्यावर पुन्हा दिवाळीच्या खरेदीला कोण जाईल?

उत्तर : बरीच वर्षं कोणी जाणार नाही, हे खरं. गोइयानियात घरं पाडावी लागली आणि साफसफाईतून साडेतीन हजार घनमीटर कचरा निघाला. या प्रकारच्या हल्ल्याचं खरं नुकसान आर्थिकच असतं. पण रस्ता किती दिवस बंद ठेवायचा हे किती मिलिसीव्हर्टला सुरक्षित म्हणायचं यावर ठरतं, आणि भेदरलेलं शहर ती रेघ सीटी स्कॅनच्याही खाली ओढेल. म्हणून ती रेघ आधी, शांत डोक्याने ठरवलेली बरी.

आता मला ज्याची काळजी वाटते ते सांगतो, कारण आतापर्यंत तुम्ही बॉम्बबद्दलच विचारत आहात. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं किरणोत्सारी निघाली. त्यांवर काम करणाऱ्या कारखान्यातल्या वीसएक कामगारांना एक ते तीन मिलिसीव्हर्ट मात्रा मिळाली होती. बटणांतल्या पोलादाचा माग काढत तपास पोचला तो आपल्या खोपोलीतल्या एका ओतशाळेपर्यंत, बोरघाटाच्या पायथ्याशी. कोबाल्ट-६० चा कुठला तरी बेवारस स्रोत भंगारातून भट्टीत गेला, वितळला, पोलादात एकजीव झाला आणि समुद्रापार जाऊन लोकांच्या बोटांखाली आला. जे काम बॉम्बने व्हायची आपल्याला धास्ती आहे, ते भट्टीने आवाज न करता केलं. ना स्फोटकं लागली, ना कट रचावा लागला. हाच कोबाल्ट आपल्या रुग्णालयांत कर्करोग्यांना वाचवतो, लासलगावला कांदा आणि निर्यातीचा हापूस त्याच्याच किरणांखालून जातो. तो हिशेबात आहे तोवर आपला सेवक आहे. संकट उभं राहतं ते त्याचं नाव वहीतून सुटतं तेव्हा: दवाखाना बंद पडतो, विभागप्रमुख निवृत्त होतात, आणि खोलीच्या कोपऱ्यातली जड पेटी कोणाची, हे कोणालाच माहीत नसतं. चोरालाही बॉम्बसाठी जे हवं असेल ते इथेच मिळेल. म्हणजे भंगाराचा बंदोबस्त हाच बॉम्बचाही बंदोबस्त.

पुण्याजवळ भंगाराचं सगळ्यात मोठं आगर चिखलीतली कुदळवाडी होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. पत्र्याच्या शेड पडल्या म्हणून धंदा थांबत नाही, तो पुढच्या गावाच्या हद्दीत जातो आणि आधीपेक्षा कमी नोंदीत चालतो. तिथे गॅसकटर हातात धरणारा मुलगा बहुधा परप्रांतातून आलेला, वजनावर मजुरी घेणारा. पिवळ्या पाटीवरची काळी तीन पाती त्याला पंख्यासारखी दिसणार, आणि पंख्याच्या मोटारीत तांबं असतं हे त्याला पक्कं माहीत आहे. ही अडचण ओळखून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ मध्ये नवं चिन्ह आणलं: लाल त्रिकोण, वरून येणारी किरणं, एक कवटी आणि पळणारा माणूस. ते अक्षरओळख नसलेल्यालाही कळतं. बसस्थानकावर बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आपण जर्मन बेकरीनंतर घोकून घोकून शिकलो. त्या मुलापर्यंत हे वाक्य अजून पोचलेलं नाही.

शंकाकार : समजा, भंगारबाजाराच्या वजनकाट्यापाशी मीटर बसवला, आणि एखादा ट्रक आत येताना तो वाजला. मग?

उत्तर : मग ट्रक आहे तिथेच उभा ठेवायचा. मागे हाकलून द्यायचा नाही, कारण हाकललेला ट्रक पुढच्या काट्यावर जातो, जिथे मीटर नाही. ड्रायव्हरला उतरवून लांब बसवायचं, कटर बंद, सगळ्यांना तीस-चाळीस पावलं मागे घ्यायचं, कोणी पेटी उघडून बघायची नाही. ११२ ला फोन करून ट्रकचा नंबर सांगायचा, आणि माल कुठल्या दारातून निघाला ते ड्रायव्हरला तेवढ्यातच विचारून लिहून ठेवायचं.